खुडूक कोंबडीखालचे चिकू

ता. तलासरी, फेब्रुवारी २०१७

चि. जानीस, थोरल्या बहिणीचे, सुकीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे धड आहेत, डोक्याचंच काय ते बघायचं. तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? (नसणारच. भिका विडी सोडायचा नाही.)

मागल्या महिन्यात बाजाराला निघाले आणि बसमधून तलासरीला उतरायचंच विसरले. थेट गुजरातच्या हद्दीवर, अच्छाडला! एका ट्रकवाल्याने परत आणून सोडलं. तेव्हापासून सून कविता मला एकटीला बाजाराला सोडत नाही. जानी, बाजार बंद म्हणजे मी चुलीपुढचा दगड झाले.

नात दक्षा डहाणूला नर्सिंग शिकते. ती म्हणाली, मेंदूतल्या बारीक पेशींना चरबीची पातळ साल असते. शरीर ती सारखी नव्याने बांधतं, आणि बांधायचा माल मासळीच्या तेलात नि अंड्याच्या बलकात मिळतो. मी विचारलं, किती अंडी? "आजी, ही काय गोळी आहे? रोजच्या जेवणाची गोष्ट आहे," म्हणाली. पुढचं मी ऐकलं नाही. कविताची खुडूक कोंबडी नुकतीच नऊ अंड्यांवर बसवली होती. मी तीन दिवसांत सगळी अंडी आंघोळीच्या पाण्यात उकडून खाल्ली आणि तिच्याखाली नऊ कच्चे चिकू ठेवले. कोंबडीची तक्रार नव्हती (ती माझ्याहून विसराळू). पण उबेने चिकू पिकले, घरभर वास सुटला. कविताने टोपली उचलली.

"आई, पिल्लांना देठ आलेत!"

"मुंगूस आलं असेल," मी म्हटलं.

"आणि चिकू ठेवून गेलं?"

दक्षा हसून लोळली.

पण गुण आला बघ, सगळं लख्ख आठवतं. आय टोपलीत नागली घेऊन बोर्डीला उतरायची, बदल्यात सुके बोंबील आणायची. आपण तिघी बहिणी मागे. काटा मोडला की तू बोंबील हातात पडेपर्यंत रडायचीस (काटा निघाला तरी). आय ते निखाऱ्यावर भाजून मिरचीसंगे डोक्यासकट पाट्यावर वाटायची. मधली स्वतःची बोटं चाटून झाली की आपल्या दोघींची चाटायची. माल तेव्हाच भरून घेतला आपण, दक्षाचं पुस्तक छापायच्या आधी.

तुझी सुकी

ता. क. कुणी इकडे येत असेल तर सुके बोंबील पाठव.

ता. क. बोंबील राहू दे. मधलीचं नाव काय गं? बोटं दिसतात, फाटका परकर दिसतो, तापात पडलेली दिसते, नाव येत नाही. इथे विचारलं तर बाजार कायमचा गेला. फोन करू नकोस, घरभर ऐकू जातो. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. नुसतं नाव. बाकी तिचं सगळं आहे माझ्यापाशी.