बोटभर फट

प्रिय ॲटली,

परवा तुझ्या कारखान्यातून आल्यापासून ते संगणकावर चालणारं यंत्र डोक्यातून जात नाही. देशभरचे फर्निचर कारखाने आता असेच होणार, म्हणालास. त्यानं जोडलेल्या सांध्यात केससुद्धा शिरेना. मी आमच्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांचं सांगितलं, तर हसलास. "चर्चला वीज चालत नाही आणि हवा चालते? हवेनं काय बाप्तिस्मा घेतलाय, दादा?" मलाही हसू आलं.

मग मी विचारलं, "ह्याला फट ठेवायला सांगता येते?"

"फट म्हणजे चूक. ती कशाला हवी?"



रविवारी आईला ऐंशी पूर्ण होतात. बाप्तिस्मा घेऊन जो चर्चची मंडळी सोडतो, त्याच्यासोबत आपण जुन्या रीतीचे आमिश ख्रिस्ती लोक एका टेबलावर जेवत नाही. तू सोडलीस, म्हणून तुझं ताट नेहमी वेगळं, खिडकीपाशी. यंदा आई म्हणाली, "दोन्ही पोरं एका पंक्तीला हवीत. कसं ते तू बघ. सुतार आहेस ना?"

मी एकाच ओकच्या लाकडाची दोन टेबलं केली, रेषेला रेष जुळणारी. मध्ये बोटभर फट, वर एकच चादर. बिशप आले, फटीत बोट घालून म्हणाले, "दोन आहेत." मग चादर स्वतःच सारखी केली.

देव चादरीवरून पाहतो की खालून, कोण जाणे.

हे पत्र मी पाठवणार नाही. तूही सुतार आहेस. कोपर टेकताच तुला कळेल. तेव्हा हसतोस, की उठतोस, की नूडल्स वाढून घेतोस, ते मला बघायचंय.

फटीपलीकडच्या खुर्चीतला,
अर्विनदादा