राखीचा रिपोर्ट

दुसरबीड
दि. १ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. रेणुका हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्याशी फोनवर बोलताना घरातले सगळे कान टवकारून बसतात, म्हणून ही पोस्टाची तसदी. आमच्या राखीला बघायला पंचवीस तारखेच्या रविवारी मेहकरकडचे पाहुणे येत आहेत. मुलगा शिक्षक आहे. तू येच, आणि दरवेळेसारखी माझ्या वांग्याच्या भाजीला नावं ठेव.

एक सांगते, रागावू नकोस. मुलीला हात धरून पाटावर आणायचं ते मावशीनं, ही आपली रीत. पण यावेळी ते तिची आत्या करेल. तुझी वाकलेली बोटं पाहिली की लोक दहा प्रश्न विचारतात. तू आत स्वयंपाकाकडे बघ, आणि बाहेर आलीस तर हात पदराखाली राहू दे. तुझ्या लग्नात आपण तुझा रक्ताचा रिपोर्ट असाच झाकला होता आणि सगळं नीट पार पडलं. आईनं जाण्याआधी तुला ते सांगितलंच असेल.

जावईबापूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
अन्नपूर्णा

वरवट बकाल
दि. ७ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. ताईस रेणुकाचा सा. न.

वि. वि. आईनं मला काहीच सांगितलं नव्हतं. कुठला रिपोर्ट, ताई?

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. सकाळी दोन तास मूठ वळत नाही, दुपारी पेनाला चिंधी गुंडाळून लिहिते. लग्नाआधी बोटं सुजायची तेव्हा देऊळगाव राजाला माझं रक्त काढलं होतं, एवढं आठवतं. परत येताना एस.टी.त तू शेजारी बसून म्हणालीस की कायी नाही झालं तुले, रक्त कमी हाये, गूळ-शेंगदाणे खात जाय. मी वर्षभर गूळ-शेंगदाणे खाल्ले. सासूबाई म्हणायच्या की हिले सकाळी कामच नको वाटते. नऊ वर्षं मी बाम चोळला आणि आपण खरंच आळशी आहोत असं मानलं.

पाच वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून पोखरतं, यात थंड पाण्याचा दोष नाही. सुरुवातीलाच गोळ्या मिळाल्या असत्या तर बोटं बहुधा अशी वाकली नसती, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हाला कुठे माहीत होतं.

तुम्हाला माहीत होतं. तू मला फसवलंस, ताई. परकं कुणी असतं तर भांडून मोकळी झाले असते. खरं काय ते लिही. तोवर लोभाचं काही लिहवत नाही.

रेणुका

दुसरबीड
दि. १२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. रेणुकास आशीर्वाद.

वि. वि. रिपोर्ट मीच आणला होता. डॉक्टरांनी औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं होतं, आणि तुझ्या कुंकवाचा, लग्न पक्कं करायचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला होता. आई म्हणाली की पोरीले सांगू नोका, लय भोळी हाये, पाहुण्यांपाशी बोलून बसीन. लग्नानंतर सांगू म्हणता म्हणता तुला दिवस गेले, मग जीभ रेटली नाही. माझं चुकलं.

पण आता मला समजून घे. दोन महिन्यांपासून राखीचीही बोटं सुजतात. तिचं रक्त तपासलं, त्यात तुझंच दुखणं निघालं. रिपोर्ट माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. तिला रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय. एकदा लग्न होऊ दे, मग लगेच इलाज करू. तुला माझ्या गळ्याची शपथ, तिच्यापाशी बोलू नकोस.

राग गिळून ये.

तुझीच,
ताई

वरवट बकाल
दि. १६ फेब्रुवारी २०२४

चि. राखीस मावशीचे आशीर्वाद.

वि. वि. होस्टेलवर पत्र आलेलं पाहून चिखलीत तुझ्या मैत्रिणी हसतील, हसू दे. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच आईला विचारलं असतंस, आणि तिनं तुला गप्प बसवलं असतं.

तुला रक्त कमी आहे असं सांगितलंय ते खोटं आहे. तुझ्या रिपोर्टमध्ये माझ्या आजाराची खूण आली आहे. नुसत्या खुणेनं आजार ठरत नाही, पण तुझी बोटं सुजतात, तेव्हा लवकर दाखवायलाच हवं. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकांचे हात चांगले राहतात. लग्न, मुलं यांना अडसर नाही. मूल हवं असलं की आधी डॉक्टरांना सांगायचं, ते गोळ्या बदलून देतात. हे मला बाविसाव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं.

रिपोर्ट आईच्या कपाटात साड्यांखाली आहे. गुरुवारी घरी जाऊन काढून घे. शुक्रवारी तेवीस तारखेला अकराला मी खामगावच्या स्टँडवर उभी असेन, तिथून दोघी अकोल्याला जाऊ. रविवारी मी येणार नाही. पाहुण्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझ्या आईनं मला शपथ घातली होती, ती मी मोडली. ती आता माझ्याशी बोलणार नाही. मला तिचा फार राग आहे आणि तिच्यावाचून करमतही नाही, पण ते आम्ही दोघी पाहू. तू रिपोर्ट घेऊन ये.

तुझी,
रेणुकामावशी