सोलरचं तोंड रस्त्याकडे

लातूर, ४ मार्च

चि. मृत्युंजय यास शिवकन्याताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वैष्णवी आणि बाळ सुखरूप आहेत. भाचीला मूल झालं, म्हणजे तू आता आजोबा. निदान पोटाचा घेर तरी आवर.

मी लेकीच्या बाळंतपणात अडकले, म्हणून पंचायतीच्या इमारतीचं काम तुझ्या भरवशावर सोडलंय. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लिहिते. गच्ची तापू नये म्हणून तिच्यावर चुन्याचे दोन जाड हात, बुजवलेले झरोके मोकळे, आणि सोलरच्या पाट्यांचं तोंड दक्षिणेला. अंगणवाडी त्याच इमारतीत भरते. लाइट गेली की पंखे थांबतात, लेकरं घामानं न्हातात. उपसरपंच सुंदरराव विरोधात असूनही ग्रामसभेत बायकांनी माझ्या शब्दावर हात वर केले. ठेकेदार कोणी का असेना, उभं राहून करून घेणारा माझा भाऊ आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

माया आहेच, येऊन वाढव.
तुझी ताई

धारूर, १९ मार्च

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

काम फत्ते. पाट्या थेट महामार्गावरून दिसतात, बसमधली माणसं वळून बघतात. भिंतीवर सुंदररावांचा फोटोवाला फलक लागलाय, तेवढं चालवून घे. माणूस वाटतो तितका वाईट नाही. तालुक्यातल्या बाकी इमारतींच्या कामाला माझं नाव सुचवणार आहे. चुना मात्र नंतर मारू, फलकावर शिंतोडे उडतील.

आजोबाकडून बाळाला पापा. माझ्यावरचा लोभ तेवढा कमी करू नकोस.
तुझा मृत्युंजय

घरून, ८ एप्रिल

श्री. मृत्युंजय धोंडप्पा तोडकर यांस, स. न. वि. वि.

परवा मी पंचायतीसमोरच बसमधून उतरले. पाट्या उत्तरेकडे, रस्त्याकडे तोंड करून उभ्या. ऊन त्यांच्या पाठीवर पडतं, बॅटरी भरत नाही. झरोके फलकामागे गेलेत. लेकरं बाहेर लिंबाखाली बसली होती. तरीही मला वाटलं, मिस्त्रीच चुकला असेल.

काल ग्रामसभेत खुद्द सुंदररावांनी विचारलं, की पंखे कामून बंद हायत? तू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतास. उठलास आणि म्हणालास, की ताईनं सांगितलं तसंच केलंय. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. सुंदररावांनी दगा दिला असता तर मी भांडले असते. तू दिलास, आणि मला नुसतं रडू आलं.

आता माझ्यावर अविश्वास ठराव येतोय. आला तर येऊ दे. आज सकाळी फलक उतरवला. त्याच बायका उद्या चुना मारायला येणार आहेत. त्यांना मी खरं काय ते सांगितलंय. पाट्या फिरवायला तेलगावचा माणूस बोलावलाय. तू येऊ नकोस.

वर चि. लिहायला गेले, हात धजावला नाही. शेवटी लोभ मागायची आपल्याकडे रीत आहे. ती आज मी मोडते.

शिवकन्या
सरपंच