पाहुण्याचा गोल

ता. ६ मार्च

ती. आत्यास,
टिटवीचा वाकून नमस्कार. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, बाबा आहेत. पण बरे नाहीत. छातीत पाणी होतंय, काढलं की पुन्हा होतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधापेक्षा जवळची माणसं असू द्या. जवळची म्हणजे मी एकटी. आई तर कधीच गेली.

दुसरं एक काम आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासते ते तुला माहीत आहेच. आमच्याकडे दर्यापार चषकाचा इतिहास छापायला आलाय. चषक आता बंद होणार, यंदाची शेवटची स्पर्धा तुमच्या मैदानावर, म्हणून पुस्तक. लेखकानं सगळ्या फायनल रंगवून लिहिल्यात. बाबांच्या फायनलला मात्र एवढंच, की यजमानांच्या गोलीच्या वागण्याबद्दल त्या वेळी कुजबुज झाली. मालक म्हणाले, तुझेच वडील आहेत, ते पान तूच नीट कर.

बाबांना विचारलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कुजबुज कसली गं? आणि ते इतक्या वर्षांत एकदाही तिकडे का आले नाहीत? तुझं पत्र आलं की आधी दाढी करतात, मग वाचायला बसतात. एवढं प्रेम असलेला माणूस येत कसा नाही?

माया आहेच, ती दोन ओळींपेक्षा जास्त लिहून दाखव.
तुझी,
टिटवी


ता. १९ मार्च

चि. टिटवीस,
आत्याचा आशीर्वाद. तू खुशाल नाहीस ते कळलं, म्हणून खुशाली विचारत नाही.

इतिहास हवा तर ऐक. मला लिहायचा कंटाळा, तेव्हा एकदाच. चषक कसला, ते जहाजावरचं सुपाचं पातेलं. दोन देशांची जहाजं आमच्या बंदरात अडकली, खलाशी कंटाळले, फुटबॉल खेळले. जिंकेल त्यानं पातेलं न्यायचं. पुढे चार देशांचे संघ यायला लागले, पातेल्याला मुलामा चढला आणि कोटवाले भाषणं ठोकायला लागले. मधे लढाई झाली तेव्हा मैदानावर तंबू पडले, खेळ बंद. पुन्हा सुरू झाला तो जास्त जोरात.

पाहुणे घराघरांत उतरायचे. एका घरी एक खेळाडू. त्यातून रीत पडली, की ज्या घरी पाहुणा ते घर त्याच्या बाजूनं ओरडणार. शेजारी शेजाऱ्याच्या विरुद्ध. पण मग बंदरात उतरलेल्याला परकं वाटायचं नाही. आमची लाँड्री, चारही संघांचे कपडे आमच्याकडे. मी खेळ बघितला तो चिखलावरून. गुडघ्याला चिखल तो बचाव करणारा, पाठीला चिखल तो नाटक्या.

तुझा बाप आमचा गोली. बोका हे नाव माझंच, कसाही पडला तरी चार पायांवर. आमचा पाहुणा लंबू, तुमच्याकडचा लेफ्ट विंगर. दरवर्षी आमच्याकडेच उतरायचा. आई त्याला माझं उंच पोर म्हणायची. फायनलच्या दिवशी सकाळी त्यांचा कप्तान येऊन आईशी परसात काहीतरी बोलला. काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. लंबूची आई वारल्याची तार आली होती. मॅच संपेपर्यंत त्याला सांगू नका, आणि सांगाल तेव्हा तुम्हीच सांगा, असं कप्तान म्हणाला होता.

मॅच एक-एक. शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली, मारायला लंबू. आता लंबू पेनल्टी कायम गोलीच्या डाव्या हाताला मारायचा. आमच्या परसात वाळत घातलेल्या चादरींमधून रोज संध्याकाळी तेच चालायचं. तो मारायचा, बोका अडवायचा, आणि माझ्या धुतलेल्या चादरींवर चेंडूचे ठसे. सगळ्या गल्लीला ठाऊक. त्या दिवशी बोका उजवीकडे पडला. गोल. रीतीप्रमाणे आमचं घर उठून ओरडलं. आई टाळ्या वाजवत रडत होती. मला वाटलं, आनंदानं.

लोक म्हणाले, विकला गेला. आणि हा शहाणा आठवड्याच्या आत त्यांच्याच जहाजावर चढून निघून गेला. मग लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आईसमोर त्याचं नाव निघालं की ती उठून इस्त्रीला लागायची, इस्त्री केलेल्यालाच पुन्हा. मी त्याला वर्षाला दोन ओळी लिहिल्या, त्या थोरली म्हणून. राग होता. अजून आहे. एका गोलासाठी कुणी आई टाकून जातं का? हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. काय म्हणतो ते कळव.

जेव, झोप, लोभ ठेव.
आत्या


ता. ३ एप्रिल

ती. आत्यास,
टिटवीचा नमस्कार.

वाचलं. चिखलाच्या वाक्याला बाबा इतके हसले की ठसका लागला. मग बोलले. थांबत थांबत बोलले, तसंच लिहिते.

ते विकले गेले नव्हते, आत्या. कप्तान गेल्यावर आजीनं त्यांना चादरींच्या आड बोलावलं. लंबूची आई गेल्याचं सांगितलं आणि म्हणाली, उद्या मला त्याला हे सांगायचंय, आज तेवढं त्याला जिंकू दे. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मॅच जीव तोडून खेळले. पण पेनल्टीला लंबू समोर आला आणि घरातल्यासारखा हसला. पुढचं अंगानंच केलं, असं बाबा म्हणाले.

मग लोक बोलायला लागले. खरं सांगायचं तर आजीचं नाव घ्यावं लागणार. सगळी टीम तिच्या हातचं जेवलेली. तिला त्याच लोकांत राहायचं होतं. बाबा म्हणाले, मी तिथे राहिलो असतो तर एक दिवस रागाच्या भरात माझ्या तोंडून गेलंच असतं, म्हणून निघालो.

पुस्तकात यातलं काही नको म्हणाले. ती कुजबुजीची ओळ राहू दे, आईचं नाव येऊ देऊ नको. मला शपथ घालत होते, मी विषय बदलला. शेवटी विचारलं, ताई अजून रागावलीय का? येते का विचार.

आत्या, लवकर ये. जास्त लिहवत नाही.
टिटवी


ता. १४ एप्रिल

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

त्याला सांग, राग गेला. नको, असं नको सांगू, त्याला खरं वाटायचं नाही. सांग की ताई येऊन बघते तुझ्याकडे. शनिवारच्या जहाजाचं तिकीट काढलंय. समुद्र लागतो मला, लागू दे. लाँड्रीला कुलूप लावतेय, लोकांना म्हटलं मळके घाला. त्याला म्हणावं दाढी करून बस, मी पत्रासारखीच येतेय.

आत्या


ता. २६ मे

चि. टिटवीस,
आत्याचा आशीर्वाद. परत घरी पोचले.

तू धक्क्यावर एकटी उभी दिसलीस तेव्हाच मला कळलं, बोका थांबला नाही. उतरायला वेळ लावला तो गुडघ्यांमुळे नव्हे. तुझ्याकडे होते तेवढे दिवस मी सगळं घर धुऊन काढलं, तू काही बोलली नाहीस, बरं केलंस. त्याचं कपाट उघडलं होतं. शर्टांच्या घड्या आमच्या लाँड्रीच्या, कॉलर आत, बाह्या मागे. परमुलखात इतकी वर्षं राहून माणूस घडी बदलत नाही. त्यावर मी तिथे रडले नाही, इथे येऊन रडले. आता झालं.

काल शेवटची फायनल झाली. कोण जिंकलं ते तुझ्या पेपरात येईल. मी खांबाशेजारी जाऊन बसले. खांब म्हणजे बोक्याच्या वेळचा आमचा फुलबॅक. विकला गेला असं पहिल्यांदा तोच बोलला होता. आता काठी आलीय, दात गेलेत. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता सांगून काय उपयोग? मी म्हटलं, काही नाही, ऐकून घे. मग म्हणाला, बोक्यानं एक शब्द टाकला असता तर! मी विचारलं, तू विचारलं होतंस का त्याला? नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? मॅच संपायच्या आत तो उठून गेला, पायरीवर दोनदा थांबला.

तर ते पान. तू लिहिलंयस की बाबांचा शब्द मोडवत नाही, ओळ तशीच जाऊ देते. मला पटत नाही. आईनं चूक केली. दुसरीचं पोर रडणार म्हणून आपलं पोर घालवलं, आणि हे तिला कळत होतं, म्हणून तर ती कपड्यांना चटके लागेपर्यंत इस्त्री फिरवायची. तिला तरी कुणी विचारलं? विचारलं असतं तर तिनं भर मैदानात सांगितलं असतं. तिला झाकायला त्यानं जन्म घालवला. त्याचं बरोबर होतं असेल, मला कळत नाही. पण आता दोघंही नाहीत आणि ती कुजबुज तेवढी छापून राहणार, हे मी चालू देणार नाही.

लिही. आईचं नाव घालून लिही, चादरींसकट. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे. मी थोरली आहे, धाकट्यांचं सगळं ऐकायचं नसतं.

वेळेवर जेवत जा. दार लावून झोप. या म्हातारीवरची माया आटू देऊ नको.
तुझी,
आत्या