ओक्सानाचा फोन

बुधवार, ब्रिस्टल

ईराच्या कॉलेजची फुटबॉल टीम आज चॅम्पियन झाली. आनंदाचं लिहायला बसलो, पण डोळ्यांसमोर ती लोकरी टोपीच येतेय.

त्यांची गोलकीपर ओक्साना युक्रेनची. वडील तिकडे युद्धाच्या आघाडीवर. सीझनभर प्रत्येक मॅचआधी ती स्वतःचा फोन माझ्या हातात द्यायची. “अंकल, डॅडचा आला तर मॅच चालू असली तरी हाक मारा.” कधी आला नाही. आज आला, नेमका शेवटच्या पेनल्टीला. तेवढी अडवली की कप आमचा.

हाक मारायची? आत्ता? मी फोन उचलला. व्हिडिओवर लोकरी टोपी घातलेला एक दमलेला माणूस. ना मला त्याची भाषा, ना त्याला माझी. मी नुसता कॅमेरा गोलकडे फिरवला. त्याने टोपी काढली आणि मुठीत घट्ट धरली.

येताना गाडीत ईरा म्हणाली, “बाबा, कसली सेव्ह केली तिने! बघितलंस ना?”

हो म्हणालो. काय सांगणार? मी मैदानाकडे बघतच नव्हतो. टोपी चुरगाळणाऱ्या त्या बापाकडे बघत होतो. पेनल्टी अडली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.