डब्यातलं इंग्रजी

आप्पा,

परवा धाकटीनं भरल्या हॉलमध्ये तुमची गोष्ट सांगितली. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या ज्या कंपनीत ती टायपिस्ट म्हणून लागली होती, तिथंच आता मोठी अधिकारी झाली, त्याचा समारंभ होता. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, तिनंच घेऊन दिलेली साडी नेसून. ती इंग्रजीत बोलत होती, कुठंही न अडखळता. म्हणाली, माझे वडील उधन्याला लूम चालवायचे, मी त्यांचा डबा घेऊन जायचे, आणि जेवणाच्या त्या अर्ध्या तासात त्यांनी मला इंग्रजी शिकवलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची गुजराती बाई डोळे पुसत मला विचारते, "तमने पण शीखवाड्युं हशे ने?" तुम्हालाही शिकवलं असेल ना, म्हणून. मी मान हलवली, हो की नाही ते तिचं तिनं ठरवावं. खरं सांगते आप्पा, पोटात दुखत होतं माझ्या. सख्खी बहीण, माझ्या कडेवर वाढलेली, तरी दुखत होतं.

एक गोष्ट मात्र हॉलमध्ये फक्त मलाच दिसली. समोर माईक असूनही ती तोंड मोठं उघडून, एकेक शब्द ओठांनी घडवून बोलते. लोकांना वाटलं, काय स्पष्ट बोलते. ते खात्यातलं बोलणं आहे. आपल्याकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणायचे, आणि खात्यात कानाचा उपयोग नसायचा. शंभर लूम खटखटत असताना कारागीर एकमेकांचे ओठ वाचायचे. तुम्ही घरी आल्यावरही तसेच बोलायचात, मोठं तोंड करून, आणि माय म्हणायची, आम्ही बहिरे नाही.

डबा आधी माझ्याकडे होता, हे धाकटीनं स्टेजवर सांगितलं नाही. तिला आठवतही नसेल. मी तेरा वर्षांची, ती दहाची. दुपारी शाळेतून आले की माय डबा हातात देणार आणि मी पटरीच्या कडेकडेनं खात्यावर जाणार. होळी झाली आणि मी एक दिवस पाय आपटत सांगितलं, "आप्पा, माले ऊन लागस. मी नही जावाव डबा लिसन." माय ओरडली, पोरीला काय महाल बांधून देऊ का म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "राहू दे. धाकली जाई." मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी.

दोन महिन्यांत घराचं काहीतरी भलतंच झालं. धाकटी वेणी घालते आणि आरशाला सांगते, आय अ‍ॅम कोंबिंग माय हेअर. पाण्याच्या पिंपाला सांगते, आय अ‍ॅम फिलिंग द बकेट. भाकरी फुगली की ताटलीला बातमी देते. माय वैतागून विचारते, "हाई काय बडबडी राहिनी?" आणि तुम्ही उंबऱ्यात बसून हसता. "हात जे करी ते तोंडनी बोलानं," असा तुमचा नियम. सातवी शिकलेले तुम्ही. स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक जुनं पुस्तक आणलेलं, अडलं की नाक्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारायचं, आणि वाक्यं मराठी अक्षरांत डायरीत उतरवायची. सुताच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला वाटलेली ती गुजराती डायरी, हिरव्या पुठ्ठ्याची. मी त्याच घरात भांडी घासत होते. मला तुम्ही कधी विचारलं नाहीत, हातात काय आहे ते इंग्रजीत सांग म्हणून. निदान तेव्हा तरी मी मनाशी हेच म्हणत होते.

मग तो चष्म्याचा दिवस आला. तुम्ही चष्मा घरी विसरलात आणि मायनं मला पिटाळलं. खात्याच्या दारात पोचले तर जेवणाची सुटी अजून व्हायची होती, आत तुम्ही चालू लूमच्या एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. मध्ये कापड सरकतंय. तुम्ही तुटलेला धागा बांधता, तो तिला दाखवता आणि ओठ हलवता. ती तुमचे ओठ बघते आणि तेच ओठांनी परत करते. चुकलं की तुम्ही बोट नाचवता. बरोबर आलं की दोघं हसता. मला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. त्या आवाजात ती मला तुमची एकुलती एक मुलगी दिसली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चष्मा वॉचमनच्या हातात दिला आणि तशीच मागं फिरले.

त्या आठवड्यात तुमची डायरी हरवली. तुम्ही खुंटीवरचा शर्ट तीनदा चाचपलात, पेटी उपसलीत, खात्यात लूमवर देखरेख करणाऱ्या मास्तरांना विचारून आलात. मग माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "मनी डायरी देखी का व तू?" मी म्हटलं, "नही आप्पा." तुम्ही लगेच विश्वास ठेवलात, त्याचाही मला राग आला. डायरी तेव्हा माझ्या दप्तरात होती. मला वाटलं, आता यांची शाळा बंद. कसली बंद? तुम्हाला सगळं तोंडपाठ होतं. डबा जात राहिला, धाकटी शिकत राहिली, मी दहावीला नापास होऊन साड्यांना टिकल्या चिकटवायला लागले. पुढं खात्यातल्या सुताच्या धुळीनं तुमच्या छातीत घर केलं आणि माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तुम्ही गेलात.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आता उधन्यातच आहे. हे कुणालाही ठाऊक नाही, पण सकाळी शटर अर्धं वर असतं तेव्हा मी एकटी बोलते. आय अ‍ॅम स्वीपिंग द फ्लोअर. आय अ‍ॅम कटिंग द क्लॉथ. गिऱ्हाईक आलं की गप्प. किती वर्षं झाली याला. डायरी पाठ झाली, मग पोराच्या शाळेची पुस्तकं झाली. धाकटीचं ते सगळं भाषण मला कळलं. तिला वाटतं, ताईला काही कळत नाही. समारंभ संपल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, चल, साहेबांशी दोन शब्द बोल ना." मी म्हटलं, मला कुठलं इंग्रजी येतंय. मग तिनं आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आप्पांची ती डायरी सापडली असती ना, तर मी ती ऑफिसात समोर ठेवली असती." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसा तो कळसा माझ्याच काखेत होता, आणि मी पर्समधला रुमाल शोधत राहिले.

घरी आल्यावर अस्तराच्या कापडाखालून डायरी काढली. द्यावी तिला, असं दोन दिवस मनात घोळतंय. पण तिनं ती पहिल्या पानापासून उघडली तर? गुजराती वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात सुरू होतं, त्या पहिल्या पानांवर तुमच्या अक्षरात आहे, माय बिग डॉटर इज कमिंग. शी इज ब्रिंगिंग द टिन. माय बिग डॉटर इज टायर्ड. प्लीज सिट डाऊन. पानामागून पान मोठी मुलगीच आहे. धाकटी येते ती होळीनंतर.

मला तो दिवस चांगला आठवतो, आप्पा. थंडीचा होता. सुटीत सगळे कारागीर भिंतीला टेकून जेवायला बसलेले. तुम्ही मोठं तोंड करून मला म्हणालात, प्लीज सिट डाऊन. आणि एकानं घास तोंडात धरून विचारलं, "आप्पा, साहेब व्हई ग्यात का काय?" सगळे हसले, तुम्हीही हसलात आणि तेच वाक्य मला परत म्हणायला सांगितलंत. मी डबा तिथंच ठेवून निघून आले. त्यानंतरही तुम्ही रोज एखादं वाक्य काढायचात आणि मी रोज जमिनीकडं बघायची. होळीपर्यंत तुम्ही धीर धरलात.

हे पत्र डायरीतच ठेवते आहे, होळीच्या पानावर. डायरी धाकटीला द्यायची की नाही, ते अजून ठरत नाही. तिचा हेवा आजही वाटतो, उद्याही वाटेल, तो काही जायचा नाही. एवढंच सांगायचं होतं, की त्या वर्षी मला ऊन लागत नव्हतं. मला तुमची लाज वाटत होती.