तळहातावरचा वारा

प्रिय खटपट्या,

तू नीट पोहोचल्याचा निरोप सूनबाईने दिला, तेव्हा जिवात जीव आला. इकडे सगळं जागच्या जागी आहे. आईचा चष्मा अजून रेडिओवरच आहे, तो उचलायला माझा हात धजत नाही. दुकान मात्र सोमवारपासून उघडलं. शेजारचे शिंपीकाका दिवसातून चारदा डोकावतात आणि काही बोलायचं नसलं की "जेवलात का?" विचारून जातात. काल एक बाई टेबलफॅन घेऊन आली. दुरुस्त करून लावला, नेहमीसारखा तळहात समोर धरला, "येतोय वारा, न्या," म्हणालो आणि ती गेल्यावर पत्राचा कागद काढला. तुझ्यापासून एक गोष्ट मी चार वर्षं लपवली आहे, ती याच हाताची आहे.

आपल्या गाडीचं जुनं इंजिन बसलं तेव्हा मी ती भंगारात काढायला निघालो होतो. तू गॅरेजमधून एका मोडक्या व्हॅनचं इंजिन आणलंस आणि म्हणालास, बसवून दाखवतो. दोन महिने सुट्टीच्या दिवशी तुझे नुसते पाय दिसायचे. शिंपीकाका म्हणाले होते, "अरे, बकरीच्या छातीत हत्तीचं काळीज कोंबतोयस!" आणि तू गाडीखालूनच उत्तर दिलंस, "काका, तुम्ही नाही का जाड्यांना बारक्या मापात बसवत!" आई खिडकीत उभी राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

नवं इंजिन लांबीला जास्त, त्यामुळे रेडिएटरच्या मागे पंख्याला जागाच उरली नाही. पंखा पुढे, जाळीजवळ घ्यायचं ठरलं. तू हात पुसत म्हणालास, "पंखा म्हटलं की बाबा. त्यात मी पडत नाही." खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पुढच्या बाजूला भोकं जुळेनात म्हणून मी पंखा फिरवून बसवला. पंखा उलटा बसला की वारा उलटा, म्हणजे तारांची अदलाबदल करायला हवी. एवढं शेंबडं पोरही सांगेल. मी तारा होत्या तशाच जोडल्या, पंखा सुरू केला आणि जाळीसमोर तळहात धरला. हाताला छान वारा लागला. "येतोय," मी म्हणालो आणि तू बॉनेट बंद केलंस. चाळीस वर्षं माझी तीच परीक्षा, हाताला वारा लागला की पंखा पास. पण गाडीचा वारा आत, इंजिनाकडे खेचला जायला हवा होता. माझ्या हाताला लागला, तिथेच चूक होती.

मग गाडी तापायला लागली. उभी असली की तापमानाचा काटा कसाबसा मध्यावर, रस्त्यावर धावली की दहा-बारा किलोमीटरात वर. तू थर्मोस्टॅट बदललास, रेडिएटर धुऊन आणलास, पाण्याचा पंप नवा घातलास, पुढची चाकं विटांवर चढवून पाण्याच्या नळ्यांत अडकलेली हवा काढलीस. गॅरेजमधले तुझे उस्ताद म्हणाले, धावताना तापते म्हणजे पंख्याचा दोष नाही, धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. बोलणं बरोबरच होतं. पण समोरून येणारा वारा आणि माझ्या पंख्याचा वारा आतल्या आत एकमेकांना ढकलत असतील, हे कोणाच्या ध्यानात येणार? तू एकदा भीतभीत विचारलं होतंस, "बाबा, पंखा बघायचा का एकदा?" मी म्हणालो, "तू आधी तुझं इंजिन बघ." त्यानंतर तू विचारलं नाहीस.

मावशी शेवटच्या घटका मोजतेय असा फोन आला, तेव्हा तू म्हणालास, आपली गाडी नको, अजून भरवसा नाही. मीच हट्ट केला. "एवढी बांधलीस ती काय शोभेला?" निम्म्या वाटेत वाफ आली. इंजिन निवेपर्यंत दोन तास आई पिशवी मांडीवर घेऊन मैलाच्या दगडावर बसली होती. एकदाही 'किती वेळ' म्हणाली नाही. आपण पोहोचलो तेव्हा मावशीला जाऊन तास झाला होता. आणि तिथे, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी म्हणालो, "याच्या हाताला यशच नाही." त्याच महिन्यात तू गॅरेज सोडलंस. आज दुसऱ्या शहरात काचेमागे बसून पावत्यांवर शिक्के मारतोस.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी मी गाडी विकायला काढली. इंजिन चालू ठेवून पुढची जाळी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसत होतो. पंखा सुरू झाला आणि तो तुकडा जाळीला चिकटायच्या ऐवजी उडून माझ्या छातीवर आला. मला काय ते कळलं. दोन तारांची अदलाबदल केली, पाच मिनिटांचं काम. तीस किलोमीटर फिरवून आणली, काटा हलला नाही. लोकांना सांगितलं, बाहेरच्या एका मेकॅनिकने दोष काढला. शिंपीकाका म्हणाले, "बघा, जाणकाराच्या हाती दिली की कसं होतं!" मी मान डोलावली.

आईला मात्र त्याच दिवशी खरं सांगितलं होतं. ती रागावली नाही. "त्याला लिहा," एवढंच म्हणाली. आठवड्याने तिने विचारलं, "टाकलंत पत्र?" मी म्हणालो, टाकलं. पुढे चार वर्षं ती असंच धरून चालली की तुला सगळं माहीत आहे, आणि तरी तू हत्यारांना हात लावत नाहीस म्हणजे तुझा राग गेलेला नाही. माझ्यासमोर तुझा विषय जपून काढायची बिचारी. ती गेली त्या दिवशी, तिला न्यायच्या आधी तू तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणालास, "आई, माझ्यामुळे तुला मावशी दिसली नाही, मला माफ कर." मी दोन पावलांवर उभा होतो. सगळी माणसं होती. मावशीच्या दारात जी होती, तीच. माझं तोंड उघडलं नाही. तिच्या कानांवर तुझं ते बोलणं पडलं असतं तर तिला कळलं असतं, की मी पत्र कधी टाकलंच नव्हतं. ते आज टाकतोय. त्या दिवशी माफी मागायची होती ती मी, बाळा. इंजिन तू अगदी बरोबर बसवलं होतंस.

तुझाच,
बाबा